तिकीट कोणी द्यायचं? अमेरिकेतल्या प्रायमरी आणि बिनपक्षी मतदार

(पुण्यातील एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय मी संयोजकांना कळवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अमेरिकेतल्या प्रायमरीचा आपल्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते, तिथली मतदार आहे, आणि काही निवडणुकांत मतदान केंद्रावर टेबलामागे बसून काम केलं आहे. त्यामुळे मला हा विषय जवळचा वाटतो, पण तुम्हाला तसा वाटावा असा माझा आग्रह नाही. एवढंच म्हणेन की लोकशाहीत मतदाराचा हात नेमका कुठपर्यंत पोचतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आपल्याकडे तिकीट कसं मिळतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एबी फॉर्म कोणाच्या खिशात आहे यासाठी शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत धावपळ चालते. ज्याला मिळाला तो पक्षाचा उमेदवार, ज्याला नाही मिळाला तो बंडखोर. मतदाराला हे टीव्हीवर कळतं. पक्षानं उमेदवार कसा निवडावा याबद्दल आपला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा काहीही सांगत नाही. पक्षाची नोंदणी कशी व्हावी हे त्यात आहे, पण तिकीट वाटपाबद्दल तो गप्प आहे. २०१४ मध्ये काँग्रेसनं काही मोजक्या लोकसभा मतदारसंघांत प्रायमरीसारखा प्रयोग करून पाहिला होता. तो तिथंच थांबला.

अमेरिकेत ही गोष्ट कायद्यानं होते. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी काही महिने प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदान घेतात. तीच प्रायमरी. मतदान केंद्र सरकारी, यंत्रं सरकारी, कर्मचारी सरकारी खर्चानं बसवलेले. पण निवड मात्र पक्षाची. सरकारी मांडव आणि खाजगी लग्न, असं काहीसं ते आहे. आणि म्हणूनच मांडवात कोणाला बसू द्यायचं यावर शंभर वर्षांहून जास्त काळ भांडण चाललं आहे.

इथं एक फरक लक्षात घ्या. आपल्या मतदारयादीत नाव, वय, पत्ता असतो, पक्ष नसतो. अमेरिकेत सुमारे तीस राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जावरच पक्षाचा रकाना आहे. तुम्ही डेमोक्रॅट लिहा, रिपब्लिकन लिहा, छोट्या पक्षाचं नाव लिहा किंवा काहीच लिहू नका. काहीच न लिहिणाऱ्यांना प्रत्येक राज्यात वेगळं नाव. मॅसॅच्युसेट्समध्ये 'अनएनरोल्ड', न्यू हॅम्पशायरमध्ये 'अनडिक्लेअर्ड', कॅलिफोर्नियात 'नो पार्टी प्रेफरन्स', आमच्याकडे 'अनअफिलिएटेड'. मराठीत त्यांना 'अपक्ष' म्हणण्याचा मोह होतो, पण आपल्याकडे अपक्ष म्हणजे उभा राहिलेला माणूस. मी त्यांना बिनपक्षी मतदार म्हणेन. शब्द फार गोड नाही, पण गोंधळ होणार नाही.

हे बिनपक्षी थोडेथोडके नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये ते निम्म्याहून कितीतरी जास्त आहेत. नॉर्थ कॅरोलिनात २०२२ पासून दोन्ही मोठ्या पक्षांपेक्षा त्यांची संख्या मोठी आहे. कोलोरॅडोत सुमारे निम्मे. न्यू जर्सीत साधारण ६५ लाख नोंदलेल्या मतदारांपैकी २३ लाखांहून अधिक. रिपब्लिकनांपेक्षा जास्त आणि डेमोक्रॅटांच्या थोडेसेच मागे.

आता प्रश्न असा की प्रायमरीत यांचं काय करायचं? राज्याराज्याचं उत्तर वेगळं. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा इथं बंद प्रायमरी. पक्षात नाव नाही तर दार बंद. मिशिगन, टेक्सास, विस्कॉन्सिन इथं पक्षाची नोंदणीच नाही, तुम्ही त्या दिवशी एक मतपत्रिका निवडता. मधली बरीच राज्यं अर्धखुली आहेत. म्हणजे पक्षात नाव असलेल्यानं आपल्याच पक्षात मत द्यायचं, बिनपक्षी मात्र कुठलीही एक मतपत्रिका मागू शकतो. आणि कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, अलास्का यांनी तर सगळा डावच मोडला. तिथं बहुतेक पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोन, अलास्कात पहिले चार, पुढे जातात.

यातलं काय बरोबर, हे सांगण्याआधी मला थोडं मागं जावं लागेल. कारण "पक्ष ही खाजगी संघटना आहे, तिनं कोणाला घ्यावं हा तिचा प्रश्न" हे वाक्य आज जितकं निरागस वाटतं तितकं ते कधीच नव्हतं.

प्रायमरीचा कायदा आला तोच मुळी पक्षाच्या दादा लोकांना वेसण घालण्यासाठी. रॉबर्ट ला फॉलेट हे विस्कॉन्सिनचे गव्हर्नर. रेल्वे कंपन्या आणि पक्षाचे पुढारी बंद खोलीत उमेदवार ठरवतात, ते मतदारांनी ठरवावेत, असा त्यांचा धोशा होता. १९०३ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि १९०४ मध्ये मतदारांनी सार्वमतात त्याला मंजुरी दिली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक राज्यांनी अशाच धर्तीचे कायदे केले.

पण दक्षिणेत याच प्रायमरीचं दुसरं काहीतरी झालं. टेक्साससारख्या राज्यात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचाच उमेदवार निवडून येणार हे ठरलेलं. म्हणजे खरी निवडणूक प्रायमरीतच. राज्यघटनेनं काळ्या नागरिकांचा मताचा हक्क काढून घेता येत नव्हता, म्हणून पक्षानं ठराव केला की आमचा सभासद फक्त गोरा माणूसच होऊ शकतो. आणि वर तोंड करून सांगितलं की आम्ही खाजगी संघटना, आमचे सभासद आम्ही ठरवणार. लॉनी स्मिथ हे ह्यूस्टनचे काळे दंतवैद्य. १९४० च्या प्रायमरीत त्यांना मतपत्रिका नाकारली. थरगूड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली आणि १९४४ मध्ये स्मिथ विरुद्ध ऑलराइट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की राज्याच्या कायद्यानं बांधलेल्या निवडणुकीत पक्ष खाजगी राहत नाही.

गोष्ट तिथं संपली नाही, हे फार महत्त्वाचं. टेक्सासच्या फोर्ट बेंड काउंटीत 'जेबर्ड असोसिएशन' नावाची गोऱ्यांची संघटना होती. ती अधिकृत प्रायमरीच्या आधी आपली स्वतःची एक निवडणूक घ्यायची. सरकारी यंत्र नाही, सरकारी पैसा नाही, कायद्यात उल्लेख नाही. पण तिथं जिंकलेला माणूसच पुढे अधिकृत प्रायमरी आणि मुख्य निवडणूक जिंकायचा, बहुतेक वेळा बिनविरोध. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीही मोडीत काढली. म्हणजे न्यायालयानं विचारलं, निवड खरोखर कुठं होते? जिथं होते तिथं नागरिकाला हात घालता आला पाहिजे.

आता मी लगेच असं म्हणणार नाही की आजचा बिनपक्षी मतदार म्हणजे तेव्हाचा लॉनी स्मिथ. तशी तुलना काही सुधारणावादी मंडळी करतात, ती मला पटत नाही. स्मिथ यांना पक्षात जायचं होतं आणि कातडीच्या रंगामुळे जाऊ दिलं नाही. बिनपक्षी मतदाराला कोणी अडवलेलं नाही, तो अर्जावर एक खूण करून आत जाऊ शकतो. फरक मोठा आहे आणि तो पुसून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र तीच ठेवावी लागेल: निवड खरोखर कुठं होते?

पक्षाच्या बाजूनंही न्यायालय बोललं आहे. कनेटिकटमध्ये कायद्यानं बंद प्रायमरी होती, पण रिपब्लिकन पक्षालाच बिनपक्षी मतदार हवे होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी पक्षाला कौल दिला: तुम्हाला दार उघडायचं असेल तर राज्य तुम्हाला अडवू शकत नाही. २००० मध्ये बरोबर उलटा प्रसंग आला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी असा नियम केला होता की कोणीही, अगदी दुसऱ्या पक्षात नाव असलेलाही, कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देईल. न्यायालयानं तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. पक्षाचा उमेदवार म्हणून कोणी उभं राहायचं हे त्या पक्षाच्या विरोधकांनी ठरवावं अशी सक्ती राज्य करू शकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मला ते योग्य वाटतं. आपल्या मंडळाचा अध्यक्ष शेजारच्या मंडळानं येऊन निवडला तर आपण काय म्हणू?

आयडाहोत तर २०११ मध्ये केंद्रीय न्यायालयानं याच आधारे खुली प्रायमरी रिपब्लिकन पक्षावर लादता येणार नाही असं ठरवलं, आणि २०१२ पासून तिथली त्या पक्षाची प्रायमरी बंद झाली. त्या राज्यात रिपब्लिकन प्रायमरी जिंकला तो बहुतेक ठिकाणी निवडून आल्यातच जमा. म्हणजे बिनपक्षी माणूस नोव्हेंबरमध्ये जाऊन शिक्कामोर्तब करतो फक्त.

आता माझ्या राज्याकडे येते, कारण तिथलं मी डोळ्यांनी बघितलं आहे.

न्यू जर्सीत प्रायमरी जूनमध्ये असते. केंद्र सकाळी सहा ते रात्री आठ उघडं. पक्षात नाव असलेल्याला पक्ष बदलायचा असेल तर ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. बिनपक्षी मतदार मात्र त्याच दिवशी येऊन, टेबलावर पक्ष जाहीर करून मत देऊ शकतो. ऐकायला उदार वाटतं. पण तसं मत दिलं की त्याचं नाव त्या पक्षात नोंदलं जातं. पुन्हा बिनपक्षी व्हायचं तर वेगळा फॉर्म भरून पाठवायचा. आणि जो टपालानं मत देतो त्याच्या घरी पक्ष नोंदलेला नसेल तर प्रायमरीची मतपत्रिका आपोआप येत नाही.

टेबलामागे बसलं की याचा परिणाम समोर दिसतो. माणूस कामावर जायच्या आधी सकाळी येतो. यंत्रावर नाव निघतं, पुढे पक्ष कोरा. आम्ही सांगतो, "मत देता येईल, पण आधी पक्ष सांगावा लागेल, आणि तो तुमच्या नावापुढे लागेल." काही जण सहज सांगतात. काही थबकतात. एका गृहस्थांनी मला हळूच विचारलं होतं, "हे कोणाकोणाला दिसतं?" मी खरं तेच सांगितलं, की तुम्ही कोणाला मत दिलं ते कधीच कोणाला दिसत नाही, पण तुमचा पक्ष यादीत दिसतो आणि यादी मागणाऱ्याला मिळते. ते "थँक यू" म्हणून निघून गेले.

आपल्या मराठी लोकांत, किंबहुना एकूणच भारतीय उपखंडातून गेलेल्या लोकांत, हा संकोच खोल आहे. घरची शिकवणच अशी की मत गुपचूप द्यावं, नाव कुठं लावू नये. नोकरीत अडचण नको, शेजाऱ्यांशी वाकडं नको. मंडळाच्या कार्यक्रमात लोक अभिमानानं सांगतात की आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही. तो अभिमान मला कळतो. पण त्यांच्या नगराचा महापौर, काउंटीचा शेरीफ, विधानसभेचा सदस्य जूनमध्येच ठरून गेलेला असतो आणि नोव्हेंबरमध्ये हे लोक अभिमानानं रांगेत उभे असतात, ते बघून वाईट वाटतं. मुस्लिम कुटुंबांत याला आणखी एक पदर आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतरची काही वर्षं ज्यांनी तिथं काढली त्यांना कुठल्याही यादीत आपल्या नावापुढे काही लिहिलं जाणं नको वाटतं. त्यांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कायदा माणसाच्या भीतीवर कर लावत असेल तर कायद्याकडे बघायला हवं.

काही बिनपक्षी मतदारांनी न्यू जर्सीच्या या पद्धतीला केंद्रीय न्यायालयात आव्हान दिलं होतं. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं ते फेटाळलं. पक्षात न जाता पक्षाची प्रायमरी खेळण्याचा घटनात्मक हक्क नाही, असा त्याचा अर्थ. मला वाटतं कायद्याच्या दृष्टीनं तो निकाल चुकीचा नव्हता. हक्क नाही म्हणजे सोय करू नये असं मात्र नाही. ती विधिमंडळानं करायची आहे.

आणि विधिमंडळ हलतं कधी? इथं मला न्यू जर्सीचीच दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, 'काउंटी लाइन'ची.

आमच्या राज्यात २१ काउंट्या. त्यातल्या १९ मध्ये प्रायमरीची मतपत्रिका अशी छापली जायची की काउंटीतल्या पक्ष समितीचा पाठिंबा मिळालेले सगळे उमेदवार, सिनेटपासून गल्लीतल्या नगरसेवकापर्यंत, एका सरळ रांगेत. उरलेले कुठंतरी कोपऱ्यात, रिकाम्या जागेच्या पलीकडे. लोक त्या कोपऱ्याला सैबेरिया म्हणायचे. मतदार बिचारा एका रांगेत वरून खाली खुणा करत जाणार. रटगर्स विद्यापीठातल्या ज्युलिया सॅस रुबिन यांनी या रचनेचा अभ्यास करून दाखवलं होतं की रांगेत नाव असण्याचा फायदा फार मोठा आहे. म्हणजे प्रायमरी नावाला मतदारांची, खरा एबी फॉर्म काउंटीच्या अध्यक्षाच्या हातात. ला फॉलेट यांनी पुढच्या दारानं घालवलेले दादा मागच्या दारानं आत.

२०२४ मध्ये काँग्रेस सदस्य अँडी किम सिनेटसाठी उभे राहिले. त्यांच्यासमोर गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी होत्या आणि मोठ्या काउंट्यांच्या पुढाऱ्यांनी भराभर त्यांच्यामागे रांग लावली. किम न्यायालयात गेले. राज्याच्या अॅटर्नी जनरलनीच सांगितलं की ही पद्धत घटनाबाह्य आहे आणि आपण तिचा बचाव करणार नाही. मर्फी यांनी माघार घेतली. आणि २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन वापरायला मनाई केली. अपील न्यायालयानं एप्रिलमध्ये तो आदेश कायम ठेवला.

कुरेशी हे तिथल्या केंद्रीय न्यायव्यवस्थेत तहहयात नेमणूक झालेले पहिले मुस्लिम न्यायाधीश. आपल्याकडच्या काही मित्रांनी मला तेव्हा निकालापेक्षा त्यांच्या नावाबद्दलच जास्त फोन केले. मी त्यांना म्हटलं, निकाल वाचा. त्यात मतपत्रिकेची रचना आणि मतदाराचा हक्क आहे. न्यायाधीशांचा धर्म त्यात कुठं नाही, आणि तेच त्या निकालाचं चांगलं लक्षण आहे.

मार्च २०२५ मध्ये विधिमंडळानं केलेल्या नव्या कायद्यावर गव्हर्नर मर्फी यांची सही झाली. लाइन गेली, उमेदवारांची नावं पदानुसार एकत्र छापायची असं ठरलं. त्याच जूनमध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षातून सहा जण लढले आणि मायकी शेरिल सुमारे ३४ टक्के मतं घेऊन पुढे गेल्या, नोव्हेंबरमध्ये निवडूनही आल्या. मतदानाला गर्दी चांगली झाली होती. माझा मुद्दा असा की जो कायदा बदलणं अशक्य असं सगळे म्हणत होते तो एका वर्षात बदलला. पण मतपत्रिका सुधारली तेव्हा बिनपक्षी मतदाराचा रकाना कोणी उघडला नाही. नवा कायदा आतल्यांना आतल्यांपासून वाचवतो. बाहेरचे २३ लाख आहेत तिथंच आहेत.

नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. तिथं तर बिनपक्षी मतदाराला त्याच दिवशी पक्ष सांगून आत जायचीही सोय नाही. दहा लाखांहून जास्त लोक. मे २०२१ मध्ये राज्यघटनेतल्या दुरुस्त्यांवरचे प्रश्न प्रायमरीच्याच दिवशी ठेवले होते. बिनपक्षी लोक केंद्रावर आले, दुरुस्त्यांवर मत दिलं आणि उमेदवारांचा भाग न भरता घरी गेले. म्हणजे राज्यघटना बदलायला ते लायक, उमेदवार ठरवायला नाहीत. २०१९ मध्ये तिथल्या सिनेटनं दार उघडणारं विधेयक मोठ्या बहुमतानं मंजूर केलं होतं. खालच्या सभागृहात ते पडून राहिलं.

आणि न्यूयॉर्क. २०२५ च्या महापौर निवडणुकीची चर्चा तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे, झोहरान ममदानींचे व्हिडिओ पुण्यातही फिरले. जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी अँड्र्यू क्वोमो यांना हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये ते महापौरपदी निवडून आले. त्या प्रायमरीत शहरातले दहा लाखांहून अधिक बिनपक्षी मतदार मत देऊ शकले नाहीत. त्यांना पक्षात यायचं असतं तर १४ फेब्रुवारीच्या आत अर्ज करायला हवा होता, म्हणजे शर्यत नीट सुरू होण्याच्याही आधी. गंमत अशी की अजिबात नोंदणी नसलेला नवा मतदार जूनमध्ये, प्रायमरीच्या दहा दिवस आधीपर्यंत पक्षासह नोंदणी करू शकत होता. वीस वर्षं मतदार असलेला बिनपक्षी माणूस मात्र उशिरा आला. हे नियम पूर्वी आणखी कडक होते. २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी मुदत आदल्या ऑक्टोबरात संपली होती, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या दोन मुलांनाच वडिलांना मत देता आलं नव्हतं.

ममदानींचं उदाहरण दिलं की लगेच दोन बाजू पडतात. त्यांचे समर्थक म्हणतात, प्रायमरी खुली केली असती तर ते हरले असते, म्हणून बंदच बरी. विरोधक म्हणतात, म्हणूनच खुली करा. मला दोन्ही युक्तिवाद सारखेच वाईट वाटतात. आपला माणूस निघतो की नाही यावरून नियम तपासायचा असेल तर उद्या दुसऱ्याचा माणूस निघाल्यावर आपल्याकडे बोलायला तोंड राहत नाही. आणि खरं सांगायचं तर निकाल काय लागला असता ते कोणीच सांगू शकत नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण मिशिगनचं. तिथं पक्षाची नोंदणी नाही, कोणीही मतपत्रिका मागू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाझातल्या युद्धाबद्दल बायडेन यांच्या धोरणाचा निषेध म्हणून एक लाखाहून अधिक लोकांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत 'अनकमिटेड' या पर्यायाला मत दिलं. अरब आणि मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या डिअरबॉर्न शहरात तर निम्म्याहून जास्त मतं त्या पर्यायाला पडली. पक्षात नाव न लावता पक्षाला जाब विचारण्याची ती वाट होती. त्यांच्या राजकारणाशी तुम्ही सहमत असा किंवा नसा, वाट कायद्यानं मोकळी होती म्हणून ते बोलू शकले. मात्र तिथंही अध्यक्षपदाच्या प्रायमरीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका मागितली याची नोंद राहते आणि ती पाहायला मिळते. पूर्ण गुपित तिथंही नाही.

सुधारणावाल्यांचंही एक सांगायला हवं. ते फार मोठी आश्वासनं देतात: प्रायमरी खुली करा, टोकाचे लोक निवडून येणं थांबेल. राज्यशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या राज्यांची तुलना करून केलेल्या अभ्यासांत खुल्या आणि बंद प्रायमरीतून आलेल्या आमदारांच्या टोकदारपणात फारसा फरक आढळलेला नाही. शिवाय स्वतःला बिनपक्षी म्हणवणारे बहुतेक जण मतं ठरावीक बाजूलाच देतात. आणि मतदारांनाही ही आश्वासनं पटलेली दिसत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अॅरिझोना, कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना, नेवाडा आणि साउथ डकोटा, या सगळ्या राज्यांत सर्वपक्षीय प्रायमरीचे प्रस्ताव पडले. अलास्कात आहे ती पद्धत हजाराहून कमी मतांनी वाचली.

मला यातून दिसतं ते असं: सगळा डाव मोडणारे प्रस्ताव पडतात, लहान दुरुस्त्या टिकतात. कोलोरॅडोत २०१६ च्या सार्वमतानंतर बिनपक्षी मतदाराला दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका टपालानं घरी येतात. एक भरून पाठवायची, दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद. पक्षाचा शिक्का कपाळावर बसत नाही. मेननं २०२४ पासून अर्धखुली प्रायमरी सुरू केली. न्यू हॅम्पशायरमध्ये मत दिल्यावर तिथल्या तिथं पुन्हा बिनपक्षी होण्याचा फॉर्म भरून बाहेर पडता येतं. लुइझियाना उलट्या दिशेनं निघालं आहे. पन्नास वर्षं सर्वपक्षीय प्रायमरी चालवून आता २०२६ पासून काही पदांसाठी पक्षाची प्रायमरी आणते आहे. पण तिथंही बिनपक्षीयांना एक मतपत्रिका निवडायची मुभा ठेवली आहे. म्हणजे दार बंद करणाऱ्यांनीही खिडकी ठेवली.

न्यू जर्सीत मला हेच हवं आहे, याहून जास्त नाही. दुसऱ्या पक्षात नाव असलेल्यानं इकडे मत देऊ नये, पक्षाचा तेवढा हक्क मी मानते. पण बिनपक्षी माणूस कोणाचा विरोधक म्हणून नोंदलेला नाही. त्यानं त्या दिवसापुरती एक मतपत्रिका मागावी, मत द्यावं आणि यादीत त्याचा रकाना कोराच राहावा. त्यानं कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली हे पक्षांना विकत किंवा फुकट मिळू नये. या दुसऱ्या मुद्द्यावर पक्षांचा विरोध सगळ्यात जास्त आहे, कारण प्रचाराची सगळी यंत्रणा त्या यादीवर चालते. पैसा माझ्याही कराचा आहे, हा युक्तिवाद मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो लोकप्रिय आहे पण कच्चा आहे. रस्ता सरकारी आहे म्हणून त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वरातीत मला नाचायचा हक्क मिळत नाही. निवड तिथं होते, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटतो.

येत्या जूनमध्ये न्यू मेक्सिकोत अशा कायद्याखाली पहिली प्रायमरी होईल. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी त्यावर सही केली. बिनपक्षी मतदारानं नोंदणी न बदलता एका पक्षाची मतपत्रिका मागायची. तिथं किती जण खरोखर येतात, आणि मतपत्रिका मागताना किती जण थबकतात, याकडे माझं लक्ष राहणार आहे. आमच्या विधिमंडळ सदस्यांच्या कार्यालयात पुढच्या वेळी जाताना मला ते आकडे बरोबर हवे आहेत.

प्रश्नांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत असं संयोजक खुणावत आहेत. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू या.